तरण्याची अट : उभयचर लढाऊ वाहनांच्या बदलीखरेदीचे एक परीक्षण

पुण्याची मंडई १८८६ साली बांधून पूर्ण झाली, तेव्हा तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते, आणि या नामांतरात एक अर्थपूर्ण विसंगती दडलेली आहे. या इमारतीचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, त्या वेळी जोतीरावांनी सभासद या नात्याने त्यास विरोध केला होता. त्यांचा आक्षेप दराविषयी, कंत्राटदाराविषयी अथवा नकाशाविषयी नव्हता. एवढा पैसा या वास्तूवर खर्ची घालावा काय, तो शिक्षणाकडे वळविणे अधिक हिताचे नव्हे काय, असा तो मूलगामी आक्षेप होता. सार्वजनिक पैशाच्या विनियोगासंबंधी विचारावयाच्या प्रश्नांत या प्रश्नाचे स्थान पहिले असावयास हवे. व्यवहारात तो बहुधा सर्वांत शेवटी येतो, किंवा येतच नाही.

संरक्षणसामग्रीच्या खरेदीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती पाहता हे विशेषत्वाने जाणवते. विलंब किती झाला, निविदा कोणी भरली, परदेशी कंपनीस झुकते माप मिळाले की देशी कंपनीस, या गोष्टींचा ऊहापोह भरपूर होतो. परंतु जी वस्तू घ्यावयाची तिच्याकडून नेमके काय हवे आहे, आणि ज्या अपेक्षा एका कागदावर एकत्र लिहिल्या गेल्या त्या एका वस्तूत एकत्र नांदू शकतात काय, हा विचार तज्ज्ञांच्या खोलीबाहेर क्वचितच येतो. भारतीय सैन्याच्या उभयचर पायदळ-वाहनांची बदली हे या उणिवेचे एक बोलके उदाहरण होय. त्याचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध असूनही मराठीतून त्याचे परीक्षण फारसे झालेले नाही.

हा संबंध प्रथम ध्यानात घ्यावा. २ एप्रिल १९७९ रोजी मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटची, म्हणजे वाहनारूढ पायदळाच्या पलटणीची, स्थापना झाली. तिचे केंद्र नगर येथे आहे. (शहराचे नाव आता अहिल्यानगर असे झाले असले, तरी सैनिकांच्या बोलण्यातून 'नगर' सहजासहजी जाईल असे दिसत नाही.) रणगाडादळाचे केंद्र व शाळाही तेथेच आहे, आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनविषयक प्रयोगशाळाही तेथेच. पुण्याजवळ दिघी येथे लष्करी पूल व अभियांत्रिकी सामग्रीची प्रयोगशाळा, दापोडीस सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीस बॉम्बे इंजिनिअर ग्रूपचे केंद्र. पाणी ओलांडण्याचे सैनिकी शास्त्र देशात जेथे शिकविले व घडविले जाते, ती बहुतेक ठिकाणे मंडईपासून एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर आहेत.

ज्या वाहनांची बदली करावयाची ती वाहने मूळची सोव्हिएत बनावटीची आहेत. 'बीएमपी' या नावाने ती ओळखली जातात. त्यांचा पहिला प्रकार भारतात १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आला. दुसऱ्या प्रकाराचे उत्पादन परवान्याखाली मेडक येथील आयुध कारखान्यात सुरू झाले, आणि १९८७ मध्ये तेथून पहिले वाहन बाहेर पडले. त्याला 'सारथ' असे नाव देण्यात आले. आत तीन चालकदलाचे व सात पायदळाचे सैनिक बसतात, बुरुजावर ३० मिलिमीटरची तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र असते, वजन चौदा टनांच्या थोडे पुढे. समोरचे एक पाते उंचावून पाण्याचा पंप सुरू केला, की हे वाहन कसलीही अन्य तयारी न करता थेट पाण्यात उतरते आणि साखळीपट्ट्यांच्याच फिरण्याने ताशी सुमारे सात किलोमीटर वेगाने तरत पैलतीर गाठते. ज्या काळात ते रेखाटले गेले, त्या काळी हे एक असामान्य यंत्र होते यात शंका नाही. सोव्हिएत सेनापतींपुढे मध्य युरोपचा नकाशा होता. तेथे दर काही मैलांवर एक नदी आडवी येते, आणि अणुयुद्धाच्या छायेत पूल उभा राहण्याची वाट पाहण्यास वेळ मिळणार नाही, असे त्यांचे गणित होते. तरण्याची अट या गणितातून जन्मास आली.

भारतीय सैन्याच्या अनुभवातही या अटीला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. १९७१ च्या युद्धात पूर्व बंगालच्या जलमय प्रदेशात 'पीटी-७६' हे हलके तरते रणगाडे वापरले गेले, आणि गरीबपूरच्या लढाईत ४५ कॅव्हलरीच्या रणगाड्यांनी जी कामगिरी केली ती युद्धेतिहासात नोंदली गेली आहे. मात्र त्याच युद्धात मेघनेच्या रुंद पात्रात हे रणगाडे तरंगू लागल्यावर त्यांची इंजिने तापू लागली व त्यांना नावांनी ओढून न्यावे लागले, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे. 'तरता येते' हे विधान किती वेळ, किती रुंद पात्रात, किती प्रवाहात, या विशेषणांवाचून अपुरे असते. या विशेषणांकडे दुर्लक्ष करण्याची सवय पुढे महाग पडली.

येथे थोडे पदार्थविज्ञान अपरिहार्य आहे. तरणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. चौदा टनांचे वाहन तरावयाचे, तर त्याचे चौदा घनमीटर आकारमान पाण्याखाली जावयास हवे. 'सारथ'ची लांबी सुमारे पावणेसात मीटर आणि रुंदी तीन मीटरांहून किंचित अधिक. म्हणजे पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्र फार तर एकवीस चौरस मीटर भरते. याचा सरळ अर्थ असा, की त्यावर एक टन अधिक लादला तर ते सुमारे पाच सेंटिमीटर अधिक खोल बसते. वाहनाचा जो भाग पाण्यावर राहतो तो मुळातच थोडा असतो. लाट, प्रवाह आणि बुरुज फिरविल्याने बदलणारा तोल यांसाठी त्यातून काही राखून ठेवावे लागते. चार टनांचे वाढीव चिलखत म्हणजे वीस सेंटिमीटर. तेवढे देण्यास वाहनापाशी नसते.

उलट, चिलखत न वाढवावे तर काय होते? 'सारथ'च्या बाजूंचे पत्रे साध्या बंदुकीच्या गोळ्या व तोफगोळ्यांचे तुकडे अडवितात. खांद्यावरून डागावयाचा रणगाडाविरोधी अग्निबाण ते अडवीत नाहीत, आणि खालून सुरुंग फुटल्यास आतल्या दहा माणसांस विशेष आश्रय उरत नाही. सोव्हिएत सैन्याने अफगाणिस्तानात हा अनुभव घेतला आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत याच वाहनाची अधिक चिलखताची एक आवृत्ती काढली. ती आवृत्ती तरत नव्हती. अमेरिकेच्या 'ब्रॅडली' या समकक्ष वाहनाचीही कथा निराळी नाही. आरंभी त्यास कापडी आवरण उभारून पाणी ओलांडता येत असे. पुढच्या आवृत्त्यांत संरक्षण वाढत गेले, वजन वाढत गेले आणि तरण्याची सोय अखेर सोडून देण्यात आली. जर्मनीने आपले नवे 'पूमा' वाहन रचताना हा प्रश्नच उपस्थित केला नाही, ते न तरणारेच ठरविले. ज्यांनी तरण्याचा आग्रह कायम ठेवला, त्यांनी चिलखताचा पातळपणा पत्करला. दोहोंपैकी कोणताही निर्णय समर्थनीय असू शकतो. निर्णय न घेणे तेवढे समर्थनीय नाही.

भारतीय प्रकल्पाचा इतिहास या दृष्टीने वाचावा. 'सारथ'ची जागा घेणारे भावी पायदळ लढाऊ वाहन देशातच विकसित करावे, असे २००९ च्या सुमारास ठरले. त्या वेळी सुमारे २६०० वाहने व पन्नास ते साठ हजार कोटी रुपये असे अंदाज वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होत होते. २०१० मध्ये टाटा मोटर्स, लार्सन अँड टूब्रो, महिंद्र आणि आयुध कारखाना मंडळ या चौघांकडून प्रस्ताव मागविण्यात आले. ती फेरी निष्फळ ठरली. २०१६ च्या जानेवारीत पुन्हा, या खेपेस दहा संस्थांना, पाचारण झाले. टाटा मोटर्स व पुण्याची भारत फोर्ज यांनी पुढील वर्षी परस्परांशी व एका अमेरिकी कंपनीशी हातमिळवणी जाहीर केली. तीही फेरी विरून गेली. जून २०२१ मध्ये सैन्याने तिसऱ्यांदा, आता १७५० वाहनांसाठी, उत्पादकांकडून माहिती मागविली. पहिल्या दोन फेऱ्यांतून एकही वाहन पलटणीपर्यंत पोहोचले नाही.

२०२१ चा कागद परीक्षणासाठी सर्वांत उपयुक्त आहे, कारण त्यात सैन्याची मनीषा उघडपणे व्यक्त झाली आहे. वाहन साखळीपट्ट्यांवर चालणारे हवे. ते पश्चिम सीमेवरील मैदानात व वाळवंटात चालावे आणि पूर्व लडाख, मध्य विभाग व उत्तर सिक्कीममध्ये पाच हजार मीटर उंचीपर्यंतही चालावे. शत्रूचे रणगाडे व चिलखती वाहने नष्ट करण्याची शक्ती त्यात असावी, सैनिकांची तुकडी वाहून न्यावी, आणि ते उभयचर असावे. यांपैकी कोणतीही अपेक्षा एकेकटी घेतली तर अवास्तव नाही. अडचण त्यांच्या बेरजेत आहे. पाच हजार मीटरांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के भरते. तेथे इंजिनाने मैदानासारखे काम करावयाचे तर ते मोठे हवे. मोठे इंजिन, अधिक इंधन, वाळवंटासाठी मोठी शीतनयंत्रणा, रणगाड्याशी सामना करावयाचा म्हणून जड शस्त्र आणि जाड पत्रा, या सर्वांचे वजन होते. या सगळ्याला तरावयाचे म्हटले की सांगाडा फुगवावा लागतो. फुगविलेला सांगाडा पुन्हा वजन वाढवितो, आणि शत्रूच्या नेमबाजाला ते मोठे लक्ष्य मिळते. ही साखळी शास्त्रज्ञांस ठाऊक नाही असे नव्हे. परंतु अपेक्षा लिहिणारा एक, रेखाटणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा आणि परीक्षा घेणारा चौथा अशी व्यवस्था असली, म्हणजे साखळीचा एकेक दुवा प्रत्येकाच्या हाती राहतो व संपूर्ण साखळी कोणाच्याच हाती राहत नाही.

याहून सूक्ष्म असा एक मुद्दा आहे. ज्या भूप्रदेशांचा उल्लेख झाला आहे, त्यांत पाणी कोठे व कोणत्या रूपात आडवे येते? पंजाबच्या मैदानात ते मुख्यतः कालव्यांच्या रूपाने येते. १९६५ च्या युद्धात लाहोरच्या वाटेवर इच्छोगिल कालव्याने जो अडथळा उभा केला, तो पाण्याच्या खोलीपेक्षा त्याच्या उभ्या, बांधीव काठांचा अधिक होता. अशा ठिकाणी वाहन तरंगून पलीकडे गेले तरी बाहेर कसे पडणार? साखळीपट्ट्यांना पकड घेण्यास उतार नसला, तर उभयचर वाहन कालव्यात अडकलेली नाव ठरते. अखेरीस काठ फोडण्यास वा पूल टाकण्यास अभियंत्यांनाच बोलवावे लागते. लडाखमध्ये प्रश्न उलट आहे. तेथील काठ बांधलेले नाहीत, पण उन्हाळ्यात बर्फ वितळू लागले की प्रवाहाचा वेग वाढतो. ताशी सात किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे दोन मीटर. प्रवाहही तेवढाच असला, तर वाहन जितके पुढे सरकेल तितकेच खाली वाहत जाईल. वाळवंटाविषयी काही लिहिण्याची आवश्यकता नाही.

यावर सैन्याच्या बाजूने दिले जाणारे उत्तर दुर्लक्षिण्याजोगे नाही. पूल ही दुर्मीळ वस्तू आहे. तो शत्रूच्या तोफखान्याचे व विमानांचे पहिले लक्ष्य होतो, आणि पूल उभा राहीपर्यंत पैलतीरावर ज्या थोड्या तुकड्या पाय रोवून उभ्या राहावयाच्या त्या तरून जाणाऱ्याच असाव्या लागतात. हे पूर्णतः खरे आहे. पण याच युक्तिवादातून दुसरा प्रश्न निघतो. पैलतीर धरणाऱ्या तुकड्या जर थोड्याच असतात, तर सर्वच्या सर्व १७५० वाहने कशासाठी तरावीत? काही तरणारी व हलकी, काही न तरणारी व भक्कम, असा दुहेरी ताफा ठेवणे खर्चिक होईल, सुट्या भागांचा व प्रशिक्षणाचा व्याप वाढेल. उलटपक्षी, एकच वाहन सर्व कामांसाठी घडविण्याच्या अट्टहासात गेलेली वर्षेही विनामूल्य नाहीत. हा तौलनिक हिशोब कोणी मांडला असेल तर तो प्रसिद्ध झालेला नाही. दिघीच्या प्रयोगशाळेने ज्या फिरत्या पुलांच्या रचना सैन्यास दिल्या, त्यांत 'सर्वत्र' हा बहुपदरी पूल विशेष प्रसिद्ध आहे. तरण्याच्या अटीचे मूल्यमापन या पुलांच्या संख्येपासून वेगळे काढून करता येत नाही. एक पूल अधिक घेतला तर किती वाहनांना तरण्यातून मुक्त करता येईल, हा प्रश्न दिघी व नगर यांच्यामधल्या रस्त्यावर कोठेतरी पडून आहे.

आता खरेदीच्या पद्धतीकडे वळता येईल. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००५ मध्ये संरक्षणखरेदीतील खाजगी उद्योगांच्या सहभागाविषयी शिफारशी केल्या. त्यांना अनुसरून २००६ च्या पद्धतीत देशी विकासाचा एक स्वतंत्र मार्ग आखण्यात आला. विकासखर्चाचा ऐंशी टक्के भाग शासनाने व वीस टक्के उद्योगाने उचलावयाचा, अशी त्याची योजना होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१६ च्या मार्चमध्ये गोव्यातील संरक्षणप्रदर्शनाच्या वेळी, जी सुधारित पद्धती पुढे आली तिने शासनाचा वाटा नव्वद टक्क्यांवर नेला, आणि २०२० च्या पद्धतीने तो सत्तरपर्यंत खाली आणला. ज्या प्रकल्पासाठी हा मार्ग आरंभी आदर्श मानला गेला होता, तोच प्रकल्प या तिन्ही आवृत्त्यांमधून वाट शोधीत राहिला. नियम प्रत्येक वेळी थोडे सुधारले. परंतु नियम बदलला की मागील फेरीचे काम जुन्या नियमाखालचे ठरते, आणि सावध अधिकाऱ्यास नवी फेरी सुरू करणे हेच सर्वांत सुरक्षित वाटते. या सावधपणाला व्यक्तिशः दोष देणे योग्य होणार नाही. बोफोर्सनंतरच्या काळात ज्यांनी खरेदीच्या कागदांवर सह्या केल्या, त्यांना विलंबाबद्दल कोणी जाब विचारला नाही, सहीबद्दल मात्र विचारला.

या सर्व पद्धतींच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि ते मंडईचे आहे. अनेक विक्रेते एका छपराखाली बसले आहेत, ग्राहक एका गाळ्यावरून दुसऱ्यावर जात आहे, माल डोळ्यांसमोर आहे, आणि संध्याकाळ झाली की भाव उतरतो : स्पर्धेने योग्य वस्तू योग्य दरात मिळते, या विश्वासाचे हे मूळ चित्र आहे. उभयचर लढाऊ वाहनांच्या बाबतीत यातले एकही लक्षण आढळत नाही. ग्राहक एकच. विक्रेते तीन-चार, व त्यांपैकी दीर्घकाळ एक ग्राहकाच्याच घरचा. माल अस्तित्वात नाही. पुढचा बाजार तीस वर्षांनी भरणार. अशा स्थितीत चौघांना किंवा दहांना बोलावून स्पर्धेचा देखावा उभा केला, तर प्रत्येक हरणाऱ्याचे श्रम व भांडवल वाया जाते. ते जाऊ नये म्हणून प्रत्येकजण निवडीच्या निकषांवर आक्षेप घेतो, आणि आक्षेपांच्या निरसनातच फेरी संपते. मंडईच्या चित्रातील जो भाग खरोखर उचलण्यासारखा आहे तो नेमका दृष्टिआड झाला आहे. मंडईत जाणारी अनुभवी गृहिणी घरून भाजी ठरवून निघत नाही. ताजे काय आहे, कशाचा भाव चढला आहे, हे पाहून ती बेत बदलते. सैन्याच्या गुणात्मक अपेक्षा मात्र माल पाहण्यापूर्वीच पक्क्या होतात, आणि त्या बदलणे हा पक्षपाताचा संशय ओढवून घेण्याचा राजमार्ग ठरतो.

बेत बदलण्याचे मोल काय असते, हे अमेरिकेच्या मरीन दलाच्या उदाहरणावरून दिसते. १९७२ पासून सेवेत असलेल्या उभयचर वाहनांच्या जागी नवे 'एक्स्पिडिशनरी' वाहन आणावयाचे त्यांनी ठरविले. शत्रूला किनाऱ्यावरून दिसणार नाही एवढ्या दूर समुद्रात जहाजातून उतरून ताशी वीस नॉटहून अधिक वेगाने किनारा गाठावयाचा, ही त्याची मुख्य अट होती. त्या एका अटीपायी यंत्र अतिशय गुंतागुंतीचे झाले, चाचण्यांत वारंवार बिघडले, आणि सुमारे तीन अब्ज डॉलर खर्ची पडल्यावर जानेवारी २०११ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तो प्रकल्प रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर मरीन दलाने पाण्यातील वेगाची अपेक्षा पुष्कळ खाली आणली, चाकांवर चालणारे व एका इटालियन रचनेवर आधारलेले वाहन पुढे आले, आणि २०१८ मध्ये त्याची निवड झाली. अट सैल होताच वाहन मिळाले. मधल्या काळात मात्र जुनी वाहनेच वापरात होती. ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सान क्लेमेंटी बेटानजीक सरावाच्या वेळी त्यांपैकी एक बुडाले व आतील नऊ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत देखभालीची दुरवस्था आणि प्रशिक्षणातील उणिवा उघड झाल्या. पुढच्या वर्षअखेर या वाहनांना, निकडीचा प्रसंग वगळता, पाण्यात उतरण्यास मनाई करण्यात आली. बदलीस झालेला विलंब हा केवळ हिशोबवहीतील आकडा नसतो. जुन्या सांगाड्याच्या झिजलेल्या रबरी पट्टीतून तो पाण्यासारखा आत शिरतो.

भारतात मधला काळ कसा भरून काढण्यात आला? जून २०२० मध्ये मेडकच्या कारखान्याला त्याच जुन्या रचनेची १५६ नवी वाहने बनविण्याचे १०९४ कोटी रुपयांचे काम देण्यात आले. २०२४ मध्ये जुन्यांपैकी ६९३ वाहनांच्या शस्त्रसज्जतेचे नूतनीकरण करण्याचा करार झाला. रात्री पाहण्याची साधने, नवी दर्शके, लक्ष्याचा आपोआप मागोवा घेणारी नियंत्रणव्यवस्था या गोष्टी त्यात अंतर्भूत आहेत. नूतनीकरणाचा हा निर्णय व्यवहार्य आहे, आणि त्याचा एक गुण सहसा सांगितला जात नाही : दर्शके व नियंत्रणे यांचे वजन थोडे, म्हणून वाहन तरते राहते. पत्रा मात्र १९८० च्या सुमाराचाच राहतो. म्हणजे चिलखत की तरणे, या वादाचा निकाल कोणीही जाहीर न करता तरण्याच्या बाजूने लागला आहे, आणि तो आणखी काही दशके आत बसणाऱ्या सैनिकांवर बंधनकारक राहणार आहे.

तंत्रज्ञान देशात नव्हते असा बचाव आता करता येणार नाही. नगरच्या वाहनप्रयोगशाळेने टाटांच्या साहाय्याने आठ चाकांचे उभयचर वाहन तयार केले आणि ते २०१४ च्या संरक्षणप्रदर्शनात मांडले गेले. त्याच सांगाड्यावर आधारलेली पायदळाची संरक्षित वाहने एप्रिल २०२२ मध्ये, तत्कालीन सेनाप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत, पुण्यातच सैन्यात दाखल झाली. संख्येने ती थोडी होती. २०२४ मध्ये मोरोक्कोने हेच वाहन पसंत केले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्या देशात बर्शिद येथे त्याच्या उत्पादनाचा कारखाना सुरू झाला. लार्सन अँड टूब्रो व संरक्षण संशोधन संघटना यांनी लडाखसाठी पंचवीस टनांचा 'झोरावर' हा तरता हलका रणगाडा थोड्याच वर्षांत उभा केला व जुलै २०२४ मध्ये हजिरा येथे तो दाखविला. या दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. दोहोंचा हेतू मर्यादित होता. चाकांच्या वाहनाने रणगाड्यामागे दलदलीत जाण्याचा आव आणला नाही, आणि 'झोरावर'वर पायदळाची तुकडी वाहून नेण्याचे ओझे नव्हते. ज्याने सर्व काही करावे, तेच वाहन तेवढे कागदावर राहिले. फेब्रुवारी २०२५ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात 'स्ट्रायकर' या अमेरिकी वाहनाच्या खरेदीचा व सहउत्पादनाचा उल्लेख आला. स्ट्रायकर मुळात तरत नाही. ज्या अटीखातर देशी उद्योगाने दहा वर्षे खर्ची घातली ती अट परदेशी वाहनाला लागू करावयाची की नाही, याचे उत्तर त्या निवेदनात शोधणे व्यर्थ आहे.

जून २०२४ च्या अखेरीस लडाखमध्ये श्योक नदीच्या पात्रात सरावाच्या वेळी एक 'टी-७२' रणगाडा अडकला. पाणी एकाएकी चढले आणि पाच सैनिक बुडून मरण पावले. तो रणगाडा तरणारा नव्हता, त्याला पात्राच्या तळावरूनच जावयाचे होते. उभयचर वाहन असते तर ते वाचले असते, असे या घटनेवरून म्हणणे उतावीळपणाचे होईल. त्या प्रवाहात चौदा टनांचे वाहन कोठे वाहत गेले असते, याचाही विचार करावा लागेल. लडाखमधील प्रत्येक ओलांडण्याजोग्या जागी महिन्यागणिक प्रवाहाचा वेग काय असतो आणि पंजाबातील कोणत्या कालव्याचा काठ किती अंशांचा आहे, यांची कोष्टके सैन्याच्या अभियंत्यांपाशी निश्चितच असतील. ती कोष्टके समोर ठेवून तरण्याच्या अटीचे कलम पुन्हा लिहिले, तर त्यात कदाचित एका शब्दाऐवजी तीन आकडे येतील : किती रुंद, किती वेगवान, किती चढाचे. २०२१ च्या कागदाप्रमाणे वर्षाला पंचाहत्तर ते शंभर वाहने घ्यावयाची होती. या गतीने १७५० ची संख्या पुरी होण्यास साडेसतरा ते तेवीस वर्षे लागतात, आणि ही वर्षे पहिले वाहन कारखान्याबाहेर पडल्यानंतर मोजावयाची आहेत.